हवेच्या नोंदी आणि निधीचे सातत्य

विद्यापीठांतील हवामान व वातावरणविज्ञानाच्या संशोधनाला पैसा कोठून मिळतो, तो कोणत्या अटींवर मिळतो आणि त्या अटींचा खुद्द विज्ञानावर कसा परिणाम होतो, या प्रश्नांभोवती पुढील संवाद गुंफलेला आहे.

जिज्ञासू : प्राध्यापकांचे वेतन विद्यापीठ देतेच, मग हवेच्या अभ्यासासाठी वेगळा निधी कशाला लागतो?

अभ्यासक : वेतनातून संशोधकाचा वेळ मिळतो, मोजमाप मिळत नाही. उपकरणे, दूरच्या केंद्राची देखभाल, संगणकाचा वापर, तंत्रज्ञांचे पगार आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या हा सारा खर्च बहुधा बाहेरच्या अनुदानातून भागवावा लागतो. त्यासाठी प्रमुख संशोधक प्रस्ताव सादर करतो, त्याच विषयातील अन्य तज्ज्ञ तो तपासतात, ज्याला समकक्ष परीक्षण म्हणतात, आणि तो मंजूर झाला की ठरावीक मुदतीसाठी, साधारणतः तीन ते पाच वर्षांसाठी, विद्यापीठाला रक्कम दिली जाते. अमेरिकेत 1950 साली स्थापन झालेले नॅशनल सायन्स फाउंडेशन याच पद्धतीने काम करते.

जिज्ञासू : स्पर्धेतून चांगले प्रस्ताव निवडले जात असतील, तर त्यात अडचण कोणती?

अभ्यासक : ज्या प्रश्नाचे उत्तर तीन-चार वर्षांत हाती येऊ शकते, त्याच्यासाठी ही पद्धत उत्तमच आहे. परंतु वातावरणविज्ञानात असे काही प्रश्न आहेत की ज्यांत काळ हाच मोजमापाचा विषय असतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांचे काम हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील या रसायनशास्त्रज्ञाने मार्च 1958 मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर, सुमारे 3,400 मीटर उंचीवर, हवेतील कार्बन डायऑक्साइडची अखंड मोजणी सुरू केली. पहिली नोंद सुमारे 313 भाग प्रति दशलक्ष, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे 313 रेणू, अशी होती. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष या 1957-58 मधील जागतिक उपक्रमामुळे त्या कामाला पैसा मिळाला आणि अमेरिकी हवामान खात्याची त्या पर्वतावरील वेधशाळा वापरता आली.

जिज्ञासू : दोन-तीन वर्षे मोजणी केल्यावर वाढ सिद्ध झाली नसती का?

अभ्यासक : वाढीची चाहूल लागली, पण खात्रीसाठी तेवढा काळ अपुरा होता. उत्तर गोलार्धात झाडे उन्हाळ्यात वाढताना हा वायू शोषून घेतात आणि हिवाळ्यात पालापाचोळा कुजताना तो परत सोडतात, त्यामुळे मौना लोआवर त्याचे प्रमाण मे महिन्यात सर्वाधिक असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत कमी होते. हा ऋतुमानानुसार होणारा चढउतार सुमारे सहा भागांचा, तर त्या काळातील वार्षिक वाढ एका भागाहूनही कमी. मोठ्या चढउतारात लपलेली एवढी लहान वाढ निर्विवादपणे वेगळी काढायची, तर एकाच पद्धतीने आणि एकाच प्रमाण वायूशी ताडून, वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते. प्रमाण वायू म्हणजे ज्याचे घटक काटेकोरपणे ठाऊक आहेत असा टाकीतला वायू; उपकरणाचे वाचन त्याच्याशी पडताळण्याच्या क्रियेला अंशांकन म्हणतात. या कामात झगमगाट नाही, परंतु मालिकेची विश्वासार्हता पूर्णपणे त्याच्यावर उभी असते.

जिज्ञासू : मग इतक्या महत्त्वाच्या कामाला निधी सहज मिळाला असेल.

अभ्यासक : तसे घडले नाही. 1964 च्या पूर्वार्धात अर्थसंकल्पातील कपातीमुळे काही महिने मोजणी बंद पडली आणि त्या नोंदींतील ती पोकळी आजही आलेखात दिसते. पुढे 1970 च्या दशकात वेगळाच आक्षेप पुढे आला : मूलभूत संशोधनासाठी असलेला पैसा नित्याच्या मोजणीवर का खर्चावा, असा निधी देणाऱ्यांचा प्रश्न होता. 1974 पासून अमेरिकेच्या सागरी व वातावरण प्रशासनाने मौना लोआवर स्वतःची स्वतंत्र मोजणी सुरू केली, तेव्हा विद्यापीठाची मालिका आता अनावश्यक आहे असेही म्हणता आले असते. वस्तुतः दोन स्वतंत्र मालिका एकमेकींच्या चुका पकडतात, आणि हेच दोन्ही टिकवण्याचे कारण आहे. मे 2013 मध्ये दैनिक सरासरीने प्रथमच 400 चा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी कीलिंग यांचे पुत्र व उत्तराधिकारी राल्फ कीलिंग यांना या मोजणीसाठी जनतेकडे देणग्यांचे आवाहन करावे लागले. 2024 ची वार्षिक सरासरी 424 च्या वर गेली, ही माहिती आज सारे जग वापरते.

जिज्ञासू : आपल्याकडे अशा मोजणीचे काही उदाहरण आहे काय?

अभ्यासक : दक्षिण गोव्यातील काब द राम येथे 1993 पासून काचेच्या चंबूंत हवेचे नमुने गोळा केले जात आणि त्यांचे विश्लेषण ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत होई. या जागेचे महत्त्व असे की पावसाळ्यात तेथे समुद्रावरून आलेली हवा मिळते आणि हिवाळ्यात भारतीय भूभागावरून आलेली, त्यामुळे एकाच ठिकाणी दोन्हींची तुलना करता येते. ती मालिका 2002 पर्यंत चालली, मध्ये खंड पडला आणि 2009 मध्ये नमुने पुन्हा घेतले जाऊ लागले. त्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरही नमुने घेण्यास प्रारंभ केला. खंडाचे कारण कोणतेही असो, त्या काळातील हवा पुन्हा मोजता येत नाही, कारण नंतर कितीही निधी मिळाला तरी गेलेली वर्षे विकत घेता येत नाहीत.

जिज्ञासू : मग निधीची रचना कशी असावी?

अभ्यासक : तीन गरजा वेगळ्या ओळखाव्यात. मर्यादित प्रश्नासाठी स्पर्धात्मक अनुदान असावे. निश्चित राष्ट्रीय उद्दिष्टासाठी मोहीम असावी; भारताने 2012 मध्ये सुरू केलेल्या मान्सून मिशनमध्ये विद्यापीठांना पावसाच्या अंदाजाचे ठरलेले संगणकीय प्रारूप सुधारण्यासाठी निधी देण्यात आला, तो याच प्रकारचा. तिसरी गरज दीर्घकालीन मोजणीची असून तिच्यासाठी दर काही वर्षांनी नव्याने स्पर्धा न लावता हमीचा पायाभूत निधी ठेवला पाहिजे. भारतात 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले असून त्यातील मोठा वाटा खासगी व अन्य स्रोतांतून अपेक्षित आहे. विद्यापीठांत संशोधन रुजवणे हा त्याचा घोषित हेतू असल्याने हा तिसरा प्रकार त्याच्या कक्षेत ठळकपणे यायला हवा.

जिज्ञासू : हमी दिली की शिथिलता येणार नाही का?

अभ्यासक : तपासणी अवश्य व्हावी, मात्र तिचे निकष त्या कामाला साजेसे हवेत. नावीन्य किती, असे न विचारता अंशांकन नियमित आहे का, नोंदी सर्वांना खुल्या आहेत का आणि ते काम पुढे नेणारे विद्यार्थी तयार होत आहेत का, हे विचारावे. या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर कामात नवे काही दिसत नाही एवढ्या कारणाने निधी तोडू नये. हवामानबदलाचे ज्ञान अशाच नित्याच्या मोजणीतून मिळाले आहे, आणि पुढील पिढीला ते देण्याचे उत्तरदायित्व समाजाने विद्यापीठांबरोबर वाटून घेतले पाहिजे.