होकार दिला, आता भूमिका सोडायची कशी?

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या दोन अंकी नाटकात मी मोठ्या भावाचं काम घेतलंय. वाचन झालं, दोन तालमीही झाल्या. आता ऑफिसात संध्याकाळची शिफ्ट लागली आहे आणि तालमी सातच्या. दिग्दर्शक काका शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांना न दुखवता नाही कसं म्हणू?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : थोडं दुखावतीलच, ते गृहीत धरा. पण सांगायचं ते आजच सांगा. दोन तालमींत नाटक उभं राहत नाही, म्हणजे अजून वेळ आहे. एकदा हालचाली बसल्या की एक माणूस गेल्यावर त्याच्यासोबतच्या सगळ्यांच्या जागा नव्याने बसवाव्या लागतात. ‘माझं काम छोटंच तर आहे’ असंही म्हणू नका. मोठा भाऊ नुसता दार उघडून आत येत असला, तरी त्याच्या एंट्रीवर कुणाचं तरी वाक्य अडलेलं असतं.

सांगायचं ते समोर जाऊन. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत, तर दिग्दर्शकाला बातमी कळण्याआधी पार्किंगमध्ये चर्चा सुरू होईल. म्हणा, “काका, शिफ्ट बदलली. सातची तालीम मला जमणार नाही. दुसरं कुणी बघायला तुम्हाला वेळ मिळावा म्हणून आत्ताच सांगतोय.” एवढं पुरे. घसा बसल्याची थाप मारू नका. त्याच संध्याकाळी गाडीतळावर पाणीपुरी खाताना कुणीतरी पाहतंच. आणि सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे ‘बघतो, जमलं तर येतो’. त्यात भूमिका ना तुमची राहते, ना दुसऱ्याला देता येते.

कुणीतरी बालगंधर्वांचा दाखला देईलच. १२ मार्च १९११ला मुंबईत ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, तरी त्यांनी भामिनी उभी केली. पण तिथे पडदा त्याच रात्री उघडायचा होता आणि किर्लोस्कर नाटक मंडळी हा अनेकांच्या पोटापाण्याचा व्यवसाय होता. हौशी नटाला दोन तालमींनंतर हा दाखला देणं मला अन्यायाचं वाटतं. प्रयोगाच्या दिवशी सकाळी गळालात, तर मात्र खुशाल ऐकून घ्या.

हेच नाटक राज्य नाट्य स्पर्धेत उतरणार असतं किंवा माळवाडीच्या विठ्ठल तुपे नाट्यगृहाची तारीख घेऊन झाली असती, तर आधी साहेबांकडे शिफ्ट बदलून मागा, असं सांगितलं असतं. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत संघाला एकच प्रयोग मिळतो. सोसायटीच्या मांडवात तेवढी अडचण नसते.

बदली माणूस मनात असेल तर नाव सुचवा, पण त्याला परस्पर विचारून मोकळे होऊ नका. पात्र निवडायचा हक्क दिग्दर्शकाचा. संहिता परत देताना पेन्सिलच्या खुणा पुसू नका, नव्या माणसाला त्या उपयोगी पडतील. नेपथ्य उभारायला रविवारी येईन म्हणालात, तर खरंच जा. प्रयोगाला सुट्टी मिळाली तर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवा. विंगेत शिरून नव्या भावाला तुमच्या लकबी मात्र शिकवू नका.