कचरा नव्हे, कच्चा माल

भंगाराचा धंदा आपल्या ओळखीचा आहे. पण घरातल्या बादलीकडे आपण अजून व्यापाऱ्याच्या नजरेने पाहत नाही. ओला-सुका कचरा एकत्र टाकला की रद्दी भिजते, प्लॅस्टिक खरकट्याने माखते, धुण्या-निवडण्याची मजुरी वाढते आणि भाव पडतो. तोच माल वेगळा व कोरडा ठेवला तर दाम चांगला मिळतो. मालेगावात टाकाऊ प्लॅस्टिकपासून पाइप बनतात. अॅल्युमिनियमचे जुने भांडे वितळवायला, खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानाने, सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आहे. भाजीच्या सालींचे खत कुंडीला चालते. सर्वांत मोठी बचत मात्र फेकावे लागेल इतके विकत न घेण्यात आहे. घरी आजच दोन डबे ठेवू या.