हा बाजार पुढच्या आठवड्याला भरत नाही

आमच्या पिंपळनेर-साक्रीकडची मुले-मुली आता नेदरलँड्सपर्यंत नोकरीला पोचली आहेत. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि आईवडील लेकीकडे, मुलाकडे तिकडे जातात. त्या मुक्कामात २७ एप्रिल आला की घरातले म्हणतात, "चला, किंग्ज डेचा बाजार दाखवतो." जरूर जा. पण आमच्यासारखे तडक अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यवस्तीत उतरू नका.

राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म २७ एप्रिल १९६७चा. ते २०१३मध्ये गादीवर आले आणि २०१४पासून त्यांचा वाढदिवस राष्ट्रीय सुट्टीचा दिवस झाला. त्याआधी ही सुट्टी राणीच्या नावाने ३० एप्रिलला असे. २७ तारखेला रविवार आला तर सण एक दिवस अलीकडे, शनिवारी होतो. २०२५मध्ये तसेच झाले, म्हणून तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा. त्या दिवशी कोणीही नागरिक परवाना न काढता, कर न भरता रस्त्यावर जुने सामान मांडून विकू शकतो. सारा देश राजघराण्याच्या नारिंगी रंगात न्हालेला असतो.

आम्ही नातीची बाबागाडी घेऊन दुपारी मध्यवस्तीत पोचलो. कालव्यांवर बोटींतून दणदणाट, प्रत्येकाच्या हातात बिअरचा डबा, आणि बाबागाडी पुढेही जाईना, मागेही येईना. मध्यवस्तीतल्या ट्रॅम त्या दिवशी बंद असतात हे तिथे गेल्यावर कळले. फोनला रेंज नाही. सौभाग्यवतींचे गुडघे बोलू लागले. स्वच्छतागृह शोधावे तर लोकांनी आपापल्या दारावर पाट्या लावलेल्या: एक-दोन युरो द्या आणि आमचे वापरा. तेव्हा ते पैसे निमूट मोजले.

म्हणून पहिली गोष्ट वेळ आणि जागेची. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर सकाळी लवकर निघा आणि दुपारच्या आत घरी या. अ‍ॅमस्टरडॅमलाच जायचे तर फोंडेलपार्क गाठा, तिथला बाजार मुलांचा असतो. उट्रेख्टचा बाजार आदल्या संध्याकाळी सहालाच सुरू होऊन रात्रभर चालतो. तरुण मंडळींना तो मानवेल. बाकीच्यांना आपल्या वस्तीतला, शेजारच्या गावातला बाजार पुरे. मुलाच्या मनगटावर घरच्यांचा फोन नंबर लिहून ठेवा. अंगात जॅकेट हवेच, कारण एप्रिलअखेरचे ऊन तिकडे केव्हा पावसात बदलेल, सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. टिकी नावाच्या अ‍ॅपचा क्यूआर कोड आता बऱ्याच ठिकाणी ठेवलेला दिसतो, पण ते पैसे तिकडच्या बँक खात्यातून जातात. आपले भारतातले कार्ड सतरंजीवर बसलेल्या पोराला काय उपयोगाचे? अर्धा, एक, दोन युरोची नाणी आदल्या दिवशीच जमवा. पन्नासची नोट काढली तर सुट्टे कोणाकडेच नसतात. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

आता खरेदी. पिंपळनेरच्या आठवडे बाजारात विळा घेताना आपण निर्धास्त असतो. मूठ निघाली तर पुढच्या बाजाराला विकणारा त्याच जागी बसलेला सापडतो, त्याला चार शब्द सुनावता येतात. इथे विकणारा संध्याकाळी सतरंजी गुंडाळून घरी जातो, तो कायमचा. त्यामुळे वस्तू जागेवरच पारखायची. आम्ही घेतलेल्या हजार तुकड्यांच्या चित्रकोड्यात पवनचक्कीचे एक पाते शेवटपर्यंत सापडले नाही. उलट सात-आठ वर्षांच्या एका मुलीने खेळण्यातली आगगाडी सतरंजीवर फिरवून दाखवली, पैसे घेतले, मग शांतपणे आतल्या बॅटऱ्या काढून घेतल्या. बॅटऱ्यांचा अर्धा युरो वेगळा! व्यवहार चोख होता, आम्ही तोही दिला.

विजेची वस्तू चालू करून दाखवता येत नसेल तर सोडून द्या. तिथला वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे चालू वस्तू इकडेही चालते. फक्त पिन बदलावी लागते. पण विमानात वजन मोजतात, हे मिक्सर उचलण्याआधी आठवा. निळ्या नक्षीची बशी उलटून बघा. मागे डेल्फ्ट छापले म्हणजे ती डेल्फ्टलाच घडली असे नाही. आवडली तर बशी म्हणून घ्या, पुराणवस्तू म्हणून नको. सायकल मात्र फारच स्वस्त मिळत असेल तर हात लावू नका. चोरीची असावी अशी शंका यायला जागा असताना घेणाराही तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. चौकटीवरचा नंबर पोलिसांच्या यादीत तपासता येतो.

घासाघीस मोठ्यांशी खुशाल करा. मुलांशी नको, मुले त्या पैशांसाठी वर्षभर खेळणी बाजूला ठेवतात आणि कोणी कोपऱ्यात व्हायोलिन वाजवून नाणी जमवते.

मुक्काम मोठा असेल तर माझा सल्ला वेगळाच आहे: विकत घ्यायला जाण्यापेक्षा नातवंडांबरोबर विकायला बसा. जागा लवकर धरावी लागते. लोक खडूने किंवा चिकटपट्टीने फरशीवर चौकोन आखून ठेवतात. मात्र आपल्या शहराचे नियम आधी वाचा, खाद्यपदार्थ विकण्याबाबत ते वेगळे असू शकतात. लहान झालेले कपडे, वाचून झालेली पुस्तके मांडा. भाव पुकारणे, गिऱ्हाईक थोपवणे, सुट्टे मोजणे यात आपण खानदेशी माणसे कोणाला हार जाणार नाही आणि नातवंडांना डच बोलायला आयते निमित्त मिळते. उरलेला माल मात्र परत न्यायचा. रस्त्यावर टाकून उठायचे नाही.