दारावर कोण आहे?

मुलांनो, दारावरची घंटी वाजली की तुमच्या घरात काय होते, ते जरा आठवा. आतून कुणीतरी ओरडते, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येते, "मी!" हा 'मी' म्हणजे नक्की कोण, ते दार उघडेपर्यंत कळत नाही. मग कुणीतरी उठते, दारातल्या छोट्या भिंगाला डोळा लावते आणि कडी काढते. ही रोजचीच गोष्ट आहे. पण ज्याला घंटी ऐकूच येत नाही त्याने काय करावे? ज्याला चटकन उठून दारापर्यंत जाता येत नाही त्याने काय करावे? आज आपण अशा एका घंटीची माहिती घेऊ, जी वाजते, पाहते आणि घरातल्या दुसऱ्या वस्तूंना खबरही देते. तिला व्हिडिओ डोअरबेल म्हणतात.

'खबर' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीतही त्याचा अर्थ तोच. 'इशारा' या शब्दापाशी मात्र सावध राहा. उर्दूत इशारा म्हणजे खूण. मराठीत इशारा म्हणजे बहुधा धोक्याची सूचना. समुद्र खवळणार असला की मराठी वर्तमानपत्रात 'मच्छीमारांना इशारा' असे छापून येते. हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

विजेची घंटी जुनीच आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३१ साली सुमारे एक मैल लांबीच्या तारेतून वीज सोडून दुसऱ्या टोकाची घंटी वाजवून दाखवली. विद्युतचुंबकाचा तो प्रयोग होता. त्यानंतर घंटी दारोदार पोहोचली. पण दाराबाहेर कोण उभे आहे, हे ती सांगू शकत नव्हती.

ते सांगणारी यंत्रणा एका परिचारिकेला सुचली. तिचे नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. ती न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहत असे. तिच्या कामाच्या वेळा ठरलेल्या नव्हत्या. तिचे पती अल्बर्ट ब्राउन इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते आणि पुष्कळदा तेही घरी नसत. वस्तीत गुन्हे वाढले होते आणि बोलावल्यावर पोलीस लवकर येत नसत. अशा घरात रात्री दार वाजले की एकट्या बाईच्या मनात काय येत असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता.

मेरीने हात जोडून बसण्याऐवजी कागद घेतला. तिने दारात एकाखाली एक अशी चार छिद्रे कल्पिली. वरचे छिद्र उंच माणसासाठी, खालचे लहान मुलासाठी. दाराच्या आतल्या बाजूला कॅमेरा होता आणि तो छोट्या मोटारीने वर-खाली सरकत असे. त्याचे चित्र झोपण्याच्या खोलीतील पडद्यावर दिसत असे. बाहेरच्या माणसाशी आतूनच बोलता येत होते. पाहुणा ओळखीचा असेल तर एक बटण दाबून कुलूप उघडावे आणि भीती वाटली तर दुसरे बटण दाबून मदत मागावी, अशी सोय होती. पतिपत्नींनी १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना ते मिळाले. पुढे अनेक शोधकांनी आपल्या पेटंटांत या पेटंटाचा उल्लेख केला आहे. मला या आराखड्यातील एक गोष्ट फार आवडते. कुलूप उघडायचे की मदत मागायची, हे मेरीने यंत्रावर सोपवले नाही. दोन्ही बटणे तिने माणसाच्या हाताशी ठेवली.

मोबाइल फोन आणि वायफाय आल्यावर हीच कल्पना लहानशा डबीत मावली. जेमी सिमिनॉफ हे गॅरेजमध्ये काम करत असताना त्यांना घराची घंटी ऐकू येत नसे. म्हणून त्यांनी फोनवर वाजणारी घंटी तयार केली. २०१३ साली ती 'डोअरबॉट' नावाने लोकांपुढे आली. पुढे तिचे नाव 'रिंग' झाले आणि २०१८ साली ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली.

आता या डबीत काय असते ते पाहू. एक बटण, एक कॅमेरा, एक माइक आणि एक लहान स्पीकर. बऱ्याच घंट्यांत आणखी एक संवेदक असतो. आपल्या शरीराच्या उष्णतेमुळे बाहेर पडणारे अवरक्त किरण तो टिपतो. समोरून कुणी गेले की त्याला ते कळते. म्हणजे घंटी दोन प्रकारची खबर देते. 'बटण दाबले' ही एक आणि 'समोर हालचाल झाली' ही दुसरी.

खबर मिळाल्यावर घराने काय करायचे, हे ठरवणारी यंत्रणा निराळी असते. तिला होम ऑटोमेशन म्हणतात. तिची सुरुवातही जुनी आहे. स्कॉटलंडमधील एका कंपनीने १९७५ साली 'एक्स-टेन' नावाची पद्धत काढली. घरातल्या विजेच्या तारांतूनच संदेश पाठवून तिने दिवे लावता आणि विझवता येत. आता हे काम पत्त्यांच्या डबीएवढा संगणक करतो. त्याला आपण घराचा मुनीम म्हणू. मुनीम तीन प्रश्न विचारतो. कोणती खबर आली? ती कोणत्या वेळी, कोणत्या परिस्थितीत आली? आणि कोणाला हुकूम द्यायचा? दिव्याला, पंख्याला, टीव्हीला की फोनला?

हे सारे मी पुस्तकातून शिकले असते तर विसरलेही असते. पण माझी खाला मुंब्र्याला राहते. खाला म्हणजे मराठीत मावशी. तिला अलीकडे कमी ऐकू येते. मुलगा दोह्याला नोकरी करतो, त्यामुळे दिवसभर ती घरात एकटी असते. गॅसवाला घंटी वाजवून परत जाई. एकदा मी स्वतः भर दुपारी पंधरा मिनिटे दाराबाहेर उभी होते. आत ती कुराण वाचत बसली होती आणि मी बाहेर घाबरून गेले होते. शेवटी शेजारणीने फोन लावला. खालाने फोनची थरथर हातात घेतली तेव्हा कुठे दार उघडले. त्याच दिवशी ठरवले की घंटी तिला ऐकू येत नसेल तर ती तिला दिसली पाहिजे.

मी एक व्हिडिओ डोअरबेल आणि वायफायवर चालणारा एक दिवा आणला. एका कंपनीच्या ॲपमध्ये नियम लिहिला, 'दाराशी खबर आली तर बैठकीच्या खोलीतल्या दिव्याची उघडझाप व्हावी.' आम्ही करून पाहिले. दिवा चमकला, खाला टाळ्या वाजवून हसली आणि मी समाधानाने घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सकाळपासून दिवा सारखा चमकत होता आणि ती कितीतरी वेळा दारापर्यंत जाऊन आली होती. तिचे गुडघे दुखत होते. चूक माझी होती. मी नियमात 'बटण दाबले' ऐवजी 'हालचाल झाली' ही खबर निवडली होती. इमारतीच्या त्या वऱ्हांड्यात चार घरांची दारे आहेत. दूधवाला, शाळेची मुले, एक मांजर, सगळेच दिवा लावत होते. साध्या खबरेचा मी इशारा करून टाकला होता!

नियम बदलला. आता फक्त बटण दाबल्यावर दिवा चमकू लागला. पण चमकून झाल्यावर तो पेटलेलाच राही. यंत्राला 'तीन वेळा चमक' एवढेच सांगितले होते. 'नंतर आधी होतास तसा हो' हे सांगायचे राहिले होते. माणसाला हे सांगावे लागत नाही, यंत्राला लागते. तेही दुरुस्त केले.

त्यानंतर एके संध्याकाळी दिवा चमकलाच नाही. खालाने काटकसर म्हणून भिंतीवरचे बटण बंद केले होते. तिच्या मते वापरात नसलेला दिवा बंदच असावा आणि आयुष्यभर तिने हेच केले आहे. पण वीजच पोहोचली नाही तर वायफायचा दिवा हुकूम कसा ऐकणार? मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. तिला ती आवडली नाही. शेवटी वायरमनकडून बटणामागे एक लहान रिले बसवून घेतला. आता दिवा साधा आहे. हुकूम रिले ऐकतो आणि भिंतीवरचे बटणही पूर्वीसारखे चालते. मला वाटते, घरातल्या वयस्कर माणसांच्या सवयी बदलण्यापेक्षा यंत्राची जोडणी बदलणे सोपे असते.

सर्वांत मोठी अडचण पावसाळ्यात आली. इंटरनेट बंद पडले आणि घंटी मुकी झाली. असे का व्हावे? दार आणि दिवा यांत जेमतेम दहा पावलांचे अंतर. पण घंटीची खबर आधी इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जात होती आणि तिथून हुकूम दिव्याकडे परत येत होता. शेजारच्या बाकावरच्या मुलाला चिठ्ठी द्यायची आणि ती मुंबईच्या टपालातून पाठवायची, त्यातलाच हा प्रकार.

मग मी घरातच मुनीम बसवला. त्यासाठी 'होम असिस्टंट' नावाची मोफत प्रणाली मिळते. २०१३ साली तिची सुरुवात झाली. घंटीही बदलावी लागली, कारण पहिली घंटी आपल्या कंपनीशिवाय कुणाशी बोलत नव्हती. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून २००८ साली 'ऑन्व्हिफ' नावाची समाईक बोली ठरवण्यात आली. दोन गावांची माणसे बाजारात भेटली की दोघांना येणाऱ्या तिसऱ्या भाषेत व्यवहार करतात, तसेच हे आहे. मात्र कॅमेऱ्याचे चित्र त्या बोलीत देणारी प्रत्येक घंटी बटणाची खबरही देतेच असे नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हेच विचारावे. नव्या जोडणीत खबर घराच्या वायफायवरूनच मुनिमाकडे जाते. इंटरनेट नसले तरी दिवा चमकतो. दोह्याला मुलाच्या फोनवर मात्र काही पोहोचत नाही, कारण तिथे जायला इंटरनेट हवेच. वीज गेली तर? राउटर आणि मुनीम आता इन्व्हर्टरवर आहेत.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगते आणि हा खराखुरा इशारा आहे. अमेरिकेत दारावरच्या घंटीला ट्रान्सफॉर्मरमधून साधारण १६ ते २४ व्होल्ट दाबाची वीज देतात. तिथली व्हिडिओ घंटी त्या तारांना जोडता येते. आपल्याकडे बहुतेक घरांत घंटीच्या बटणात थेट २३० व्होल्टची वीज असते. तिथल्या चित्रफिती पाहून कुणी तीच जोडणी इथे केली तर घंटी जळेल आणि जीवावरही बेतेल. तुम्ही त्या तारांना हात लावू नका. ते वायरमनचे काम आहे.

हौसेपोटी मला आणखी एक नियम सुचला होता. कॅमेऱ्याने चेहरा ओळखावा आणि ओळखीचा असेल तर कुलूप आपोआप उघडावे. खालाच्या मुलालाही तो पसंत पडला. पण विचार केल्यावर मी तो लिहिला नाही. छायाचित्र समोर धरून काही कॅमेऱ्यांना फसवता येते. शिवाय ओळखीचा चेहरा दिसला म्हणून दार उघडलेच पाहिजे, असे कुठे आहे? मेरी ब्राउनने ते बटण आपल्या हाती का ठेवले, ते मला तेव्हा समजले.

शेजारणीचा प्रश्न तर माझ्या ध्यानातही आला नव्हता. तिनेच विचारले, "तुमच्या घंटीत माझे दार दिसते का?" दिसत होते. ती कधी बाहेर जाते, तिच्याकडे कोण येते, सारे नोंदले जात होते. ती रागावली नव्हती, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे असाच वाद न्यायालयात गेला होता. २०२१ साली न्यायालयाने तक्रार करणाऱ्या शेजारणीच्या बाजूने निकाल दिला. चित्रापेक्षाही दूरवरचे बोलणे टिपले जाणे न्यायालयाला अधिक गंभीर वाटले. अमेरिकेतील केंद्रीय व्यापार आयोगाने २०२३ साली रिंग कंपनीवर आरोप ठेवला की, ग्राहकांची खाजगी चित्रणे तिच्या कर्मचाऱ्यांना पाहता येत होती. ते प्रकरण मिटवताना कंपनीने ५८ लाख डॉलर देण्याचे कबूल केले. आपल्या दाराचे चित्र कुणाच्या संगणकात जाऊन बसते, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

मी शेजारणीला खालाच्या घरी बोलावले आणि टीव्हीवर ते चित्र दाखवले. कॅमेऱ्याच्या रचनेत चित्राचा काही भाग झाकण्याची सोय होती. तिच्या दारावर मी काळा चौकोन ओढला. आवाजाची नोंद बंद केली. चित्रे घरातल्या मुनिमाकडेच राहतात आणि सात दिवसांनी पुसली जातात, हेही सांगितले. तिने तो काळा चौकोन दोनदा नीट पाहिला. मग म्हणाली, "आता ठीक आहे. पण तुमचा गॅसवाला परत जात असेल तर मला सांगत जा, मी सिलिंडर घेऊन ठेवीन."

गेल्या रविवारी मी मुंब्र्याला गेले होते. बटण दाबले. दाराखालच्या फटीतून आतल्या दिव्याची तीनदा उघडझाप झालेली दिसली. काही वेळ गेला. मग पावले वाजली, कडी निघाली आणि खाला दारात उभी राहिली.

"टीव्हीवर तू फार थकलेली दिसतेस," ती म्हणाली. "आधी जेवून घे."