साठेखताची मुदत संपली, खरेदीखत होईना

प्रश्न : पलूसच्या एका वाचकांनी गावातलेच एक जुने घर 32 लाखांना ठरवले. 5 लाख विसार बँकेतून दिला, मुद्रांकावर साठेखत लिहून नोटरीही केले. खरेदीखत सहा महिन्यांत करायचे होते. त्यालाही आता चार महिने उलटले. घर विक्रेत्यांच्या वडिलांचे. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा उताऱ्यावर दोन बहिणींची नावे चढली, आणि त्या सहीला येत नाहीत. साठेखतावर सही एकट्या भावाची आहे. इकडे गृहकर्जाच्या मंजुरीची मुदत संपत आली, घरभाडे चालूच आहे, आणि विक्रेते म्हणतात, ‘दिवाळी होऊ द्या, मग बघू.’ थांबावे, विसार परत मागावा, की कोर्टात जावे, असे वाचक विचारतात.

उत्तर : थांबायला हरकत नाही, पण तोंडी भरवशावर थांबू नये. अशा व्यवहारात घेणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान त्याच्या गप्प बसण्याने होते. एकाच गावात राहायचे, रोज तोंड बघायचे, मग वकिलाची नोटीस कशी पाठवायची, हा संकोच पलूससारख्या ठिकाणी खरा आहे आणि समजण्याजोगाही आहे. पण कोर्टात हा संकोच पुरावा म्हणून चालत नाही.

मुदत संपली म्हणून साठेखत आपोआप रद्द होत नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात मुदत हा कराराचा प्राण आहे असे सहसा गृहीत धरले जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 1992 मध्ये ‘चांद राणी विरुद्ध कमल राणी’ या खटल्यात सांगितले. त्याच खटल्यात दिल्लीतल्या घराची खरेदीदार मात्र हरली. 98 हजारांचा हप्ता दहाच दिवसांत द्यायचा, असे करारात स्पष्ट लिहिलेले होते आणि तो वेळेत दिला गेला नव्हता. म्हणून आपल्या साठेखतात मुदतीपुढे नेमके कोणते शब्द आहेत, ते वाचकांनी आधी नीट वाचावे.

दुसरा खटला मदुराईतल्या घराचा. डिसेंबर 1978 चा करार, किंमत 60 हजार, विसार 5 हजार, मुदत सहा महिने. खरेदीदार सुमारे अडीच वर्षे गप्प राहिले आणि मग दावा लावला. मुदतीच्या कायद्यातली तीन वर्षे संपलेली नव्हती, तरी 1997 मध्ये ‘विद्यानादम विरुद्ध वैरवन’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना खरेदीखत करून देण्यास नकार दिला. शहरी मिळकतींच्या किमती झपाट्याने वाढत असताना असे स्वस्थ बसणे न्यायालयाला मान्य नव्हते. कायदा तीन वर्षे देतो याचा अर्थ तीन वर्षे वाट पाहावी असा नाही. ही तीन वर्षे करारात ठरलेल्या तारखेपासून मोजली जातात; तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून.

1 ऑक्टोबर 2018 पासून विशिष्ट अनुतोष कायद्यात मोठा बदल झाला. करार पार पाडायला लावायचा की नाही, हे पूर्वी बरेचसे न्यायाधीशांच्या विवेकावर होते; तो वाव आता खूपच आटला आहे. पण एक अट कायम आहे. लिहून घेणारा पहिल्यापासून पैसे घेऊन तयार होता आणि खरेदी करायला राजी होता, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. कर्जाचे मंजुरीपत्र, बँकेचे खातेउतारे, विक्रेत्यांशी झालेले व्हॉट्सॲप संदेश हे सगळे म्हणूनच जपून ठेवायचे. मंजुरी संपत असेल तर ती वाढवून घ्यावी आणि बँकेचे तसे पत्रही फाइलला लावावे.

आता बहिणींचा मुद्दा. सगळी गाठ इथेच आहे. घर वडिलांनी स्वतः घेतलेले असो की वडिलोपार्जित, हिंदू वारसा कायद्याने मुलींचा त्यात वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीबद्दल 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा ‘विनीता शर्मा’ निकाल यांनी उरलीसुरली शंकाही मिटवली. बहिणींनी साठेखतावर सही केलेली नाही, त्यामुळे ते त्यांना बांधील नाही. भाऊ विकू शकतो तो फक्त स्वतःचा हिस्सा. तेवढाच हिस्सा घेऊन राहायला जाऊ, असेही करता येत नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 44 सांगते. भावावर दात धरून दावा लावण्यापेक्षा बहिणींशी बोलणे लाख पटीने उपयोगाचे ते यासाठीच. बऱ्याचदा त्यांना घर नको असते, हक्काच्या पैशातला वाटा हवा असतो. त्या हक्कसोड पत्र करून देत नसतील तर त्यांनाही खरेदीखतात लिहून देणार म्हणून घ्यावे आणि प्रत्येकीच्या वाट्याची रक्कम थेट तिच्या खात्यावर द्यावी. ‘तू सही कर, पैसे नंतर देतो’ या भावाच्या शब्दावर अडलेला व्यवहार अशाने सुटू शकतो.

हे बोलणे चालू असतानाच नोटीस जाऊ द्यावी, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. इंग्लंडमध्ये करार झाल्यावर विक्रेता ठरल्या दिवशी अडला, तर प्रचलित अटींप्रमाणे दहा कामाच्या दिवसांची नोटीस देऊन व्यवहार पुरा करायला सांगतात. आपल्याकडे असा ठरीव नमुना नाही, पण पंधरा दिवस किंवा महिन्याची वाजवी मुदत द्यावी. दुय्यम निबंधक कार्यालयात अमुक तारखेला आपण उरलेल्या रकमेनिशी हजर राहू, असे नोटिशीत लिहावे आणि त्या दिवशी खरोखर हजर राहावे.

साठेखत नुसते नोटरी केलेले आहे, ही या प्रकरणातली कच्ची बाजू. ताबा दिलेला नसल्याने दाव्यात ते पुरावा म्हणून चालू शकते. पण त्याची नोंद सूची क्रमांक 2 मध्ये कुठेच दिसत नाही. उद्या विक्रेत्यांनी दुसऱ्याला घर विकले आणि त्या माणसाला आधीच्या कराराची खरोखर माहिती नव्हती, तर त्याचा हक्क वरचढ ठरू शकतो. म्हणून मुदतवाढ द्यायचीच असेल तर नवे साठेखत बहिणींच्या सह्यांसह करून नोंदवावे. ते होईपर्यंत स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

विक्रेते कदाचित ‘दुप्पट विसार घ्या आणि सोडा’ असे म्हणतील. साठेखतात दुप्पट विसाराची अट असली, तरी ती करार पाळला जावा म्हणून घातलेली असेल, तर तेवढे पैसे टाकून विक्रेत्यांना कराराबाहेर पडता येत नाही. वाचकांना स्वतःलाच बाहेर पडायचे असेल तर गोष्ट वेगळी. बहिणी ठाम नाही म्हणत असतील तर व्याजासह विसार परत घेणेच शहाणपणाचे. दिलेल्या विसारापुरता विक्रेत्यांच्या हिश्श्यावर वाचकांचा बोजा राहतो, हे नोटिशीतच लिहून ठेवावे.

दावा लावायची वेळ आलीच, तर खरेदीखताबरोबर पर्यायी मागणी म्हणून विसाराचा परतावा आणि नुकसानभरपाई दाव्यात स्पष्ट मागितलेली हवी. न मागता न्यायालय ते देत नाही. घर दुसऱ्याला विकू नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूमही मागावा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी. निकाल बाजूने लागूनही विक्रेते सहीला आले नाहीत, तर न्यायालय त्यांच्या वतीने खरेदीखत करून देते.