घर्षण कशावर अवलंबून असते?

कर्जत सोडून आगगाडी भोर घाटाला लागली, की ३७ फुटांमागे १ फूट असा चढ तिला चढावा लागतो. हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तेव्हापासून घाटाने एंजिनापुढे टाकलेला प्रश्न एकच आहे : चाके फिरतील, परंतु गाडी पुढे सरकेल काय? गुळगुळीत पोलादी रुळावर गुळगुळीत पोलादी चाक टेकलेले असते. त्या दोहोंमधील पकड सुटली, तर एंजिनाची सारी शक्ती चाके जागच्या जागी गरगर फिरविण्यात खर्ची पडते. ही पकड म्हणजेच घर्षण होय. ते कशावर अवलंबून असते हे पाहण्यासाठी मात्र घाटात जाण्याचे कारण नाही. एक वीट, एक फळी आणि एक ताणकाटा एवढे साहित्य पुरे.

फळीवरील विटेला दोरी बांधून ती ताणकाट्याने आडवी ओढावी. प्रथम वीट हालत नाही. ओढ वाढेल तसतसे घर्षणही वाढून तिला विरोध करते. हे स्थैतिक घर्षण होय. त्याची कमाल मर्यादा ओलांडताच वीट सरकू लागते आणि काट्यावरील आकडा बहुधा थोडा खाली येतो, कारण सरकत्या वस्तूवरील गतिक घर्षण सामान्यतः त्या मर्यादेहून कमी असते. आता विटेवर तशीच दुसरी वीट ठेवावी. लागणारी ओढ जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या लंब बलाच्या प्रमाणात घर्षण वाढते. या दोहोंच्या गुणोत्तरास घर्षणांक म्हणतात. फळीऐवजी काच घेतली किंवा फळीला तेल लावले, की हा अंक बदलतो. तो एकट्या विटेचा गुण नव्हे, एकमेकांवर टेकलेल्या जोडीचा गुण होय.

यानंतरचा प्रयोग अधिक चमत्कारिक आहे. वीट कडेवर उभी केली तर फळीला टेकणारे क्षेत्रफळ पुष्कळच कमी होते. तरीही ओढ जवळजवळ तेवढीच लागते. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याने आपल्या वह्यांत ही गोष्ट टिपून ठेवली होती. १६९९ साली फ्रान्समध्ये आमोंताँ याने ती नव्याने मांडली, आणि पुढे कुलोम याने अनेक प्रयोग करून तिला दुजोरा दिला. तिचे समाधानकारक कारण मात्र विसाव्या शतकात बाउडन व टेबर या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

कितीही घासून सपाट केलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा प्रदेश दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले म्हणजे केवळ काही शिखरे शिखरांना भिडतात. त्या टोकांवर दाब इतका प्रचंड पडतो, की ती चेपतात आणि भार पेलण्यापुरती रुंद होतात. मऊ पोलादाच्या बाबतीत प्रत्येक चौरस मिलिमीटरामागे ढोबळमानाने १०० किलोग्रॅम भार पेलला जातो असे धरले, तर २० किलोग्रॅमचा ठोकळा अवघ्या ०.२ चौरस मिलिमीटरावर उभा असतो; मग त्याचा तळ तळहाताएवढा असो वा रुपयाएवढा. भार दुप्पट झाला की खरा स्पर्शही दुप्पट होतो. घर्षण ठरते ते या खऱ्या स्पर्शावर, डोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नव्हे.

यावरून आणखी एक समजूत दुरुस्त होते. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी, असे सर्रास सांगितले जाते. खडबडीत लाकडाच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. परंतु अत्यंत स्वच्छ केलेले धातूचे दोन पृष्ठभाग निर्वातात एकमेकांवर दाबले, तर ते उष्णतेवाचून चक्क सांधले जातात. एरवी तसे घडत नाही, कारण हवेमुळे धातूंवर ऑक्साइडाचा पातळ थर साचलेला असतो. वंगणाचे काम याच जातीचे : शिखरांना परस्परांपासून दूर ठेवणे. रबरासारख्या लवचिक पदार्थांना मात्र हे साधे नियम काटेकोरपणे लागू पडत नाहीत.

आता घाटाकडे वळू. गाडीचे एंजिनासह वजन १००० टन असेल, तर केवळ चढासाठी सुमारे २७ टनांची ओढ हवी. सर्व चाके शक्तीने फिरणारे १२० टनांचे एंजिन घेतले आणि घर्षणांक ०.२५ धरला, तर त्याची पकड ३० टनांची. म्हणजे काम जेमतेम निभेल. रुळावर ओलसर चिकटा असताना अंक ०.१० वर उतरला, की पकड १२ टनांचीच उरते. येथे चाके रुंद करून काही साधत नाही. रुळावर दाबणारे वजन वाढले पाहिजे. कर्जतहून गाडीच्या मागे जोडल्या जाणाऱ्या बँकर एंजिनांमुळे शक्तीबरोबर हे वजनही मिळते. मुसळधार पावसापेक्षा पहिली रिमझिम अधिक त्रासदायक ठरते, कारण जोराच्या सरीने रूळ धुऊन निघतात, तर थोड्या पाण्यात गंज व तेल कालवले जाऊन त्यांचे बुळबुळीत लुकण होते.

चाक न घसरता फिरत असते तेव्हा त्याचा रुळाला टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो, आणि म्हणून स्थैतिक घर्षण कामी येते. चाक एकदा वेगाने घसरू लागले की ते साहाय्य नाहीसे होते. अशा वेळी चालक शक्ती कमी करतो आणि चाकांपुढे रुळावर कोरडी वाळू सोडतो. चाकाखाली भरडले जाणारे तिचे कण चिकट्याचा थर फोडतात. वाळू थोडीच सोडावी लागते. तिचा जाड थर साचला तर चाक व रूळ यांमधील विद्युत्-संपर्क तुटतो, आणि ज्या यंत्रणेमुळे सिग्नलला गाडीचे अस्तित्व कळते ती फसण्याचा संभव असतो.