‘चालतंय ना ताई?’ म्हणणाऱ्याला बिल देण्यापूर्वी

ऐन मार्चअखेरीला आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर रोजकीर्द बंद करताना अडायला लागला आणि सगळं खापर माझ्यावर फुटलं. ‘ताई, तुमच्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल,’ हे वाक्य चेअरमनसाहेबांपासून पिग्मी एजंटांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. दोष माझा नव्हता. कुणाचा होता हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शिवाय पुणतांब्यात, राहात्यात किंवा आणखी कुठे सर्व्हरची रॅम वाढवायला निघालेल्या माणसावर तरी ही वेळ येऊ नये.

आमचा सर्व्हर लहान, टॉवरचा. त्यात ८ जीबीच्या दोन ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करणाऱ्या, स्टिक होत्या. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, डेटाबेसला १६ जीबी पुरेनात, म्हणून रॅम वाढवायचं ठरलं. जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढून मी विक्रेत्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अशीच हवी.’ तो फोटो आणि तो निरोप आजही माझ्या फोनमध्ये आहे. तो आला ते १६ जीबीच्या दोन वेगळ्याच स्टिक घेऊन. ‘ही तशी दिसत नाही,’ असं मी म्हटलं, तर म्हणाला, ‘ताई, डीडीआर फोर ती डीडीआर फोर. स्लॉटमध्ये बसली ना? उलट ही जुनीपेक्षा फास्ट आहे. तुम्ही हिशेब बघा, मशीनचं आमच्यावर सोडा.’ चेअरमनसाहेब शेजारीच होते. त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला.

फास्टचं आधी सांगते. एकाच मशीनमध्ये २६६६ आणि ३२०० वेगाच्या स्टिक बसवल्या, तर सगळ्या २६६६ वरच चालतात. सगळ्यात हळू असेल तिचा वेग सगळ्यांना. म्हणजे ‘फास्ट’ म्हणून जे गळ्यात मारलं, त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता.

थोडे दिवस बरे गेले. मग भर गर्दीत कॅशियरच्या काउंटरवरचं सॉफ्टवेअर बंद पडायला लागलं. रात्रीचा बॅकअप कधी पुरा व्हायचा, कधी अर्ध्यावर थांबायचा. विक्रेता म्हणाला, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, मशीन तपासा. परत विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे तुमच्याकडची लाइट खराब आहे. आमच्याकडे लाइट जाते हे खरंच आहे, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. संस्थेच्या पैशाने यूपीएसची बॅटरी बदलून तो निघून गेला. अडणं सुरूच राहिलं.

शेवटी मी स्वतः एसक्यूएल सर्व्हरचा लॉग उघडला. त्यात त्रुटी क्रमांक ८३२ होता. त्याचा मजकूर असा, की डेटाबेसचं जे पान बदलायला नको होतं ते बदललं आहे आणि हे बहुधा मेमरी किंवा अन्य हार्डवेअरच्या बिघाडाचं लक्षण आहे. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना कुणी ते उघडून वाचलं नव्हतं.

रविवारी संस्था बंद असताना कॅबिनेट उघडलं, स्टिक काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि चिप मोजल्या. जुनीवर एका बाजूला ९ काळ्या चिप. नवीवर ८. नववीची जागा कोरी. सगळा खेळ त्या नवव्या चिपचा असतो. साधी रॅम एका वेळी ६४ बिट देते-घेते, ईसीसी रॅम ७२. वरचे ८ बिट तपासणीचे. त्यांच्या जोरावर एक बिट उलटला तर मशीन तो जागच्या जागी दुरुस्त करतं आणि दोन उलटले तर निदान ओरडून सांगतं. बेल लॅब्सच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विचारातून ही पद्धत आली. काही मशीन मिसळलेल्या स्टिक पाहून सुरूच होत नाहीत. ती बरी. आमच्यासारखी काही सुरू होतात, पण एक स्टिक जरी साधी असली तरी सगळ्यांवरची तपासणी बंद करतात. म्हणजे आमच्या जुन्या, चांगल्या स्टिकवरची नववी चिपही नुसती बसून होती.

यापुढचं मला अजून सहन होत नाही. रॅम बसवली त्या दिवशी मशीन सुरू होताना मेमरीबद्दल इशारा देऊन थांबलं होतं. विक्रेत्याने एफ१ दाबून ते पुढे नेलं आणि मग बराच वेळ बायोसमध्ये काहीतरी करत बसला. त्या रविवारी मी बायोस पाहिलं. त्रुटी आल्यावर थांबण्याची सोय बंद केलेली होती. इशारा त्याने वाचला होता. तो आम्हाला सांगायच्या ऐवजी त्याने मशीनचं तोंड बंद केलं.

रात्रभर रॅम तपासणारी मेमटेस्ट लावून ठेवली. नव्या स्टिकवर लाल ओळींची रांग, जुन्यांवर एकही चूक नाही. छापील कागद समोर ठेवले, तर हे महाशय म्हणतात, ‘असं लाखात एखाद्याला होतं.’ गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये हजारो सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकवर दुरुस्त करण्याजोग्या चुका नोंदल्या गेल्या होत्या. लाखात एक कुठे आणि शंभरात आठ कुठे?

आणि एकच बिट उलटला तर काय होतं, तेही बघा. १८ मे २००३ ला बेल्जियममध्ये शारबेक इथे संगणकीय मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अगदी एकच बिट उलटल्यावर पडावा एवढा फरक. तज्ज्ञांनी कारणही तेच धरलं. इतकी मतं पडणं शक्यच नव्हतं, म्हणून ती चूक सापडली. आमच्याकडे एखाद्याच्या ठेवीत ४०९६ रुपये कमी-जास्त दिसले तर त्यात अशक्य काय वाटणार? तेरीज जुळणार नाही, पण कुठल्या खात्यात चुकलं ते शोधताना कर्मचाऱ्याचा जीव जाईल. ज्या पुणतांब्यातून १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्या गावातला ठेवीदार पासबुक घेऊन काउंटरवर आला की ‘बिट उलटला’ असं उत्तर ऐकून घेणार नाही, आणि त्याने घेऊही नये.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. गावोगावच्या सोसायट्यांत मशीन येताहेत. आज ना उद्या त्यांचीही रॅम वाढवावी लागेल. त्यांच्यासाठी:

लेबल वाचायला शिका. वेगाच्या आकड्यानंतरच्या डॅशपुढचं अक्षर बघा. ई म्हणजे ईसीसी, यू म्हणजे साधी, आर म्हणजे रजिस्टर्ड, एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड. ही चार अक्षरं एका मशीनमध्ये एकमेकांत मिसळायची नाहीत. डीडीआर फोरमध्ये या सगळ्यांना २८८ पिना आणि खाचही एकाच जागी, त्यामुळे ‘बसली ना’ या बोलण्याला काही अर्थ नाही.

‘डीडीआर फाइव्हमध्ये ईसीसी असतंच’ असंही सांगतील. ते चिपच्या आतल्यापुरतं असतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचं संरक्षण नाही. सर्व्हरला पूर्ण ईसीसी स्टिकच मागा.

क्षमता, रँक आणि वेग सारखे असलेल्या स्टिक जोडीने घ्या. जमलं तर जुन्या काढून सगळा संच एकदम बदला. रॅम महागली असताना हे जड जातं, पण मार्चअखेरीला संस्था बंद ठेवणं त्याहून महाग पडतं.

विक्रेता समोर असतानाच तपासा. लिनक्सवर डीएमआयडीकोडमध्ये ‘एरर करेक्शन टाइप’पुढे काय येतं ते बघा. ‘नन’ आलं तर पैसे देऊ नका. विंडोजमध्ये पॉवरशेलमधून हीच माहिती आकड्यात मिळते. ५ किंवा ६ म्हणजे ईसीसी चालू, ३ म्हणजे नाही. बायोसमध्ये त्याने काही बदललं का, तेही विचारा आणि लिहून घ्या.

बॅकअप रोज घ्या, आणि तो परत उभा करूनही बघा.

बिलावर स्टिकचा पूर्ण पार्ट नंबर आणि ‘ईसीसी’ हा शब्द छापून मागा. आमच्या बिलावर नुसतं ‘रॅम, २ नग’ होतं. त्यामुळे स्टिकचे पैसे परत मिळवतानाच नाकी नऊ आले. यूपीएसच्या बॅटरीचे आणि बसवणावळीचे तर बुडालेच.

संचालक मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. मशीन अडलं तर आधी लॉग वाचून घ्या, मग त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाला बोल लावा. मला बोल लावणाऱ्यांपैकी एकानेही अजून ‘ताई, तुमचं बरोबर होतं’ असं म्हटलेलं नाही.